चार किलो पाणी

आमच्या घरात सुमनताईचं पाणी बंद केलं होतं, तेव्हा नळाला भरपूर पाणी होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण मी हा प्रसंग सांगायला लागले की ऐकणाऱ्याला वाटतं, ही पाणीटंचाईची गोष्ट असणार. टंचाई कसली! वाशीला आम्ही राहायला आलो तेच मुळी पाण्यासाठी. लालबागच्या चाळीत आईनं कितीतरी वर्षं पहाटे उठून नळावर बादल्या लावल्या होत्या. नव्या घरात स्वयंपाकघरात एक, मोरीत एक आणि संडासात एक असे तीन नळ होते. पहिले काही दिवस आई उगाचच ते उघडून बंद करून बघायची. येईल त्या पाहुण्याला ती आधी नळ दाखवायची आणि मग बसायला सांगायची. त्याच आईनं त्या मे महिन्यात स्वतःच्या थोरल्या मुलीला दिवसाला दीड पेला पाण्यावर ठेवलं. तो दीड पेला मोजून द्यायचं काम माझ्याकडे होतं. मी तेरा वर्षांची होते आणि कामाला चोख होते.

आमचे अप्पा कांदा-बटाट्याच्या घाऊक बाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर मेहता, म्हणजे हिशेबनीस होते. बाजार मुंबईतून इकडे आला, त्याच्या मागोमाग आम्हीही खाडीपूल ओलांडून आलो. तेव्हा वाशी म्हणजे अर्धवट बांधलेल्या इमारती, मोठे रिकामे रस्ते आणि संध्याकाळी खाडीवरून येणारा खारट वारा. अप्पांच्या सदऱ्याला कांद्याचा वास असायचा तो कुठल्याही साबणानं जात नसे. आई कोकणातली, रत्नागिरीकडची. घरात भात दोन वेळा, मासे आठवड्यातून चार वेळा, आणि दुपारी उरलेल्या भाताला ताक आणि वरून सुक्या मिरचीची फोडणी. सकाळी पंप सुरू झाला की भिंत घरघरायची, मग कुकरच्या शिट्ट्या, मग शेजारचा रेडिओ. ताई तेव्हा वीस वर्षांची होती. उंच, रुंद खांद्यांची, कॉलेजच्या कबड्डीच्या संघात उजव्या कोपऱ्यावर पकड घेणारी. तिनं एकदा चढाई करणाऱ्या मुलीचा घोटा धरला की ती मुलगी परत रेषेपर्यंत पोचत नसे. घरी ती भाताच्या पातेल्याला करपून लागलेला थर खरवडून खायची, आणि मीही शेजारी चमचा घेऊन बसायचे. ती जाडी होती का, असं मला आज कोणी विचारलं तर मी सांगेन, ती दणकट होती. हा शब्द आमच्या घरात मुलीसाठी कोणी वापरत नव्हतं.

ठाण्याहून एक मंडळी तिला बघायला आली. मुलगा, त्याची आई आणि आत्या. मुलगा बँकेत होता आणि स्वतःचं पोट सावरत सोफ्यात बसला होता. कार्यक्रम व्यवस्थित झाला. निघताना आत्याबाईंनी पोह्यांची दुसरी बशी संपवली, चमचा बशीत ठेवला आणि म्हणाल्या, "मुलगी चांगली आहे हो. नाव ठेवायला जागा नाही. फक्त थोडी सडपातळ झाली तर जोडा शोभेल. आम्ही महिन्याभरानं परत येतो, तेव्हा पक्कं करू." मुलाची आई मान हलवत होती. मुलाचं पोट कोणी मोजलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारातून ताईकडे बघत होते. तिनं रिकाम्या बशा गोळा केल्या आणि आत आली. आत येऊन तिनं उरलेले पोहे खाल्ले, कारण तिला भूक लागली होती. आईनं तिच्या हातातली बशी काढून घेतली. महिना तिथून सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी शकूमावशी आली. ही आईची धाकटी बहीण, राहायला पनवेलला, आणि तिचे यजमान तळोज्याच्या एका कारखान्यात. मावशीला सगळं माहीत असे. मुलाचा दात हलत असो की कोणाचा हप्ता थकला असो, मावशीकडे उपाय तयार. स्वतः ती काडीसारखी होती. तिनं कधी काही केलं नव्हतं, ती जन्मतःच तशी होती, पण ह्या एका गोष्टीवर तिला ह्या विषयातला अधिकार मिळाला होता. तिनं आल्या आल्या ताईला उभं केलं, वळवलं, दंडाला चिमटा घेतला. "भात बंद," ती म्हणाली. "भातानंच हे झालंय. तूप बंद. रात्री काही नाही. आणि हिचं ते कबड्डी-बिबड्डी पहिलं बंद कर. त्यानं मांड्या जाड होतात." "अगं पण धावते ना ती," अप्पा म्हणाले. "धावल्यानं भूक लागते, भाऊजी. भूक लागली की खाणार. खाल्लं की फुगणार. सरळ हिशेब आहे." अप्पांनी पेपर उचलला. घरातल्या बायकांच्या विषयात ते गप्पच बसत. ताईच्या अंगाला जो एक खरा व्यायाम होता तो असा पहिल्याच दिवशी बंद झाला.

वजन कुठे करायचं हा प्रश्न होता. ताईला दवाखान्यात न्यायला आई तयार नव्हती, लोक काय म्हणतील म्हणून. म्हणून रविवारी बाजार बंद असताना अप्पा आम्हाला गाळ्यावर घेऊन गेले. तिथे जमिनीवरचा लोखंडी काटा होता, ज्याच्या फळीवर कांद्याच्या गोणी चढवायच्या. फळीवर सुकलेली सालं चिकटलेली होती. ताई चप्पल काढून त्यावर उभी राहिली. अप्पांनी वजनं लावली, दांडी स्थिर होईपर्यंत डोळे बारीक केले आणि सवयीनं मोठ्यानं म्हणाले, "एक गोण आणि वर बारा किलो." त्यांच्या गाळ्यावर पन्नास किलोची गोण असे. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. रोज ते असंच सांगत. पण ताई खाली उतरली ती आमच्यापैकी कोणाकडे न बघता थेट बाहेर जाऊन रस्त्यावर उभी राहिली. येताना बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही.

मग पहिले दोन आठवडे ताईच्या ताटातून एकेक गोष्ट जात राहिली. भात गेला. तो तिच्यासमोर आम्ही सगळे खात होतो. तिला दोन फुलके, आणि ते बिनतेलाचे. सकाळी उपाशीपोटी लिंबाचा नुसता रस चमच्यानं, कारण लिंबानं चरबी कापली जाते. तिचे दात आंबून जायचे. आईनं आपलं बाळंतपणातलं पोट बांधायचं पांढरं फडकं ट्रंकेतून काढलं आणि रोज सकाळी ताईच्या पोटाला आवळून बांधायला सुरुवात केली, जणू पोट दाबून ठेवलं की ते आत जाऊन बसेल. दुपारी आडवं व्हायचं नाही. आणि सोमवार, गुरुवार, शनिवार असे तीन उपास लावले. उपासाच्या दिवशी मात्र आई तिला साबुदाण्याची खिचडी द्यायची, दाण्याचं कूट मुक्तहस्ते घातलेली, तुपात परतलेली, मोठी ताटली भरून. वर दोन केळी. रात्री रताळ्याचे काप. मी विचारलं होतं, "आई, हे चालतं?" "उपासाचं आहे ते," आई म्हणाली. "उपासाचं अंगाला लागत नाही." ह्या वाक्यावर मी आज हसू शकले असते, पण मला अजून हसू येत नाही. आमच्या आईला मॅट्रिकला गणितात चांगले गुण होते.

पंधरा दिवसांनी परत काटा. एक गोण आणि वर साडेबारा किलो. आईचं तोंड उतरलं. ताईचं नाही उतरलं. ती पंधरा दिवस अर्धपोटी होती, चिडचिडी झाली होती, चक्कर येते म्हणत होती, आणि तिला ते साडेबारा ऐकून एकदम हसू फुटलं. "घ्या," ती म्हणाली. "हवा खाऊन वाढलं." मावशीनं हे ऐकलं आणि तिचा अपमान झाला. दुसऱ्या दिवशी ती एक भलं मोठं बोचकं घेऊन आली. "हे वजन चरबीचं नाहीच," तिनं जाहीर केलं. "हे पाण्याचं आहे. हिचं अंग पाणी धरतं. पाणी प्यायल्यानं माणूस फुगतो. आणि आतलं पाणी घामावाटे काढलं की त्याच्याबरोबर चरबी वितळून येते. लोणी कसं वितळतं, तसं." बोचक्यात जाड प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या होत्या, कारखान्यात पावडरीच्या गोणींच्या आत असतात तसल्या. यजमानांनी आणून दिल्या होत्या. एकीच्या कोपऱ्यात अजून पांढरी पूड होती, ती मावशीनं बाहेर झटकली. कसली पूड होती हे कोणी विचारलं नाही.

त्या पिशव्या कापून ताईच्या पोटाला, मांड्यांना आणि दंडांना गुंडाळायच्या, वर सुतळी, त्यावर पंजाबी ड्रेस, त्यावर अप्पांचा जुना स्वेटर. असं करून अकरा ते एक गच्चीवर फेऱ्या. मे महिन्यात. आणि पाणी सकाळी एक पेला, संध्याकाळी अर्धा. "बेबी मोजेल," मावशी म्हणाली. "बेबी इमानदार आहे." बेबी म्हणजे मी. मला इतकं मोठं काम कोणी दिलं नव्हतं. मी स्टीलचा एक पेला निवडला, त्याच्यावर आतून अर्ध्याची खूण खिळ्यानं ओरखडून घेतली, आणि पिंपावर, माठावर आणि तिन्ही नळांवर लक्ष ठेवायला लागले. ताई मोरीत गेली की मी दाराशी कान लावून उभी राहायचे.

गच्चीवर त्याच दिवसांत आईचं वाळवण असे. जुन्या साड्या अंथरून त्यांवर पोह्याचे पापड, कुरडया, सांडगे. कावळ्यांना हाकलायला एक माणूस लागतंच. ते काम ताईकडे आलं, कारण ती तिथेच फेऱ्या मारत होती. मी जिन्याच्या सावलीत बसून तिला बघायचे. पापडांच्या दोन रांगांमधून ती चालायची आणि चालताना तिच्या अंगातून प्लॅस्टिकचा चरचर आवाज यायचा. स्वेटरच्या बाहीतून घाम मनगटावर ओघळायचा. खाली आल्यावर प्लॅस्टिक सोडलं की मोरीत पाणी ओतल्यासारखा घाम पडायचा आणि आई आणि मावशी तो बघायला यायच्या. "बघ, बघ कसं सुटतंय," मावशी म्हणायची. ताईच्या पोटावर आणि मांड्यांवर लाल पुरळ उठलं होतं. ते चरबी सुटताना येतंच, असं ठरलं.

आठ दिवसांनी अप्पांनी काट्यावर सांगितलं, "एक गोण आणि वर साडेआठ." चार किलो! आईनं बाजारातच हात जोडले. अप्पांनी येताना पेढे घेतले. पेढे सगळ्यांना दिले, शेजारीपाजारी दिले, ताईला सोडून.

इथे थांबून एक सांगते. आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळी बायकांचा एक घोळका चालतो, मीही असते. गेल्या आठवड्यात त्यातल्या एकीनं कुर्ता वर करून पोटाला बांधलेला काळा रबरी पट्टा दाखवला. "ह्यानं घाम येतो आणि फॅट मेल्ट होतं," म्हणाली. चांगली शिकलेली बाई आहे, ऐरोलीला मोठ्या ऑफिसात नोकरी करते. मी तिला म्हटलं, "घरी गेल्यावर दोन ग्लास पाणी पी आणि मग काट्यावर उभी राहा." ती हसली. "काकी, तुम्ही जुन्या जमान्यातल्या." जुन्या जमान्यातली मी नाही, पट्टा आहे. मला तो चांगला ओळखू येतो. आमच्याकडे तो सुतळीनं बांधायचे, एवढाच फरक.

पाणी बंद होऊन नऊ-दहा दिवस झाले असतील तेव्हा हिराबाय आली. दिवाळे गावातली कोळीण. वर्षभर ती आमच्या दारात ताजी मासळी आणायची आणि मेअखेर पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुकी: बोंबील, सोडे, जवळा. आई दाराशी पाट घेऊन बसली. सुक्या मासळीची खरेदी हा आईचा खास प्रांत. तिनं बोंबलाची एक जुडी उचलली, हातात तोलली, एक बोंबील वाकवला. तो मोडला नाही, वाकला.

"हिराबाय, हे ओले आहेत," आई म्हणाली. "वजन जास्त भरतंय. मी काय पाण्याचे पैसे देऊ तुला?"

"ओले कुठं गो बाय? दोन उन्हं खाल्लीत त्यांनी."

"दोन पुरत नाहीत. पाणी राहिलंय आत. कडकडीत वाळव, हलके होऊ देत, मग आण."

हिराबाय काही बोलणार, तेवढ्यात ताई गच्चीवरून खाली आली. स्वेटर, चरचर, तोंड लालभडक, ओठांना भेगा. ती भिंतीला धरून आमच्या बाजूनं आत गेली. हिराबाय तिच्या पाठीकडे बघत राहिली.

"पोरीला काय झालंय? ताप हाय?"

"नाही गं. लग्नाचं बघतोय. वजन उतरवतोय. चार किलो उतरलं."

"खायला देत नाय?"

"खायला देतो. पाणी कमी केलंय."

हिराबायनं आईच्या हातातली जुडी काढून घेतली आणि टोपलीत टाकली. "बाय," ती म्हणाली, "मी बोंबील वालवते, तू पोरीला वालवतेस. माजा बोंबील दोन उन्हांत निम्मा होतो, म्हनून काय तो बारीक झाला? पानी गेलं त्याचं. रातच्याला भिजत घाल, सकाली हाय तेवडा. तुला ह्ये म्हाईत नाय? आता तूच मला शिकवत होतीस ना गो?"

"तुला विचारलं का?" आईचा आवाज चढला. "मासे विकायला आलीस ना, मासे वीक."

"नाय विकत जा," हिराबाय म्हणाली, टोपली डोक्यावर घेतली आणि जिना उतरली. त्या पावसाळ्यात आमच्याकडे बोंबील नव्हते.

माझा राग इथे आहे. मावशीवर आहे, ठाण्याच्या आत्याबाईंवर आहे, पण खरा इथे आहे. आईला माहीत होतं. सुकी मासळी हातात घेऊन तिच्यात किती पाणी उरलंय हे सांगणारी बाई होती ती. तिला फसवून ओला बोंबील विकेल अशी कोळीण खाडीकाठी नव्हती. आणि अप्पा! अप्पांची उभी नोकरी कांद्यावर गेली. कांदा पडून राहिला की सुकतो आणि वजन घटतं, हे गाळ्यावर रोज धरलं जायचं, आणि त्याला कोणी कांद्याची तब्येत सुधारली म्हणत नव्हतं. दोघांनाही आपापल्या प्रांतात जे पक्कं ठाऊक होतं ते दोघांनीही मुलीला लागू केलं नाही. लोक मला सांगतात, त्यांनी प्रेमापोटी केलं, त्या काळात कोणाला माहीत होतं. मी हे ऐकून ऐकून कंटाळले आहे. माहीत होतं. दाराशी, पाटावर बसून, स्वतःच्या तोंडानं आईनं सांगितलं होतं.

आणि मला कळलं होतं. हेही लिहायला हवं, नाहीतर बाकीचं लिहिण्याचा मला हक्क नाही. हिराबाय गेल्यावर मी फडताळातल्या डब्यातून मागच्या वर्षीचा उरलेला एक बोंबील घेतला आणि वाटीत पाणी घालून ठेवला. संध्याकाळी तो फुगून वाटीभर झाला होता. मी तेरा वर्षांची होते, मूर्ख नव्हते. मी ती वाटी मोरीत ओतली आणि कोणाला काही बोलले नाही. बोलले असते तर माझं काम गेलं असतं.

मंडळी येण्याच्या आदल्या दिवशीची दुपार. आई आणि मावशी बाहेरच्या खोलीत ताईच्या ब्लाउजला टाके घालत होत्या, कारण तो सैल झाला होता आणि त्याचा त्यांना फार आनंद झाला होता. ताई स्वयंपाकघरात आली. तिला नीट बोलता येत नव्हतं, जीभ टाळूला चिकटत होती. "बेबी," ती म्हणाली, "अर्धा पेला दे. मी नाही सांगणार कोणाला."

"संध्याकाळी मिळेल," मी म्हटलं.

"अर्ध्याचा अर्धा दे."

"उद्याच तर आहे, ताई. एका दिवसासाठी कशाला सगळं घालवतेस?"

हे शब्द माझे. मावशीचे नाहीत, आईचे नाहीत. ताईच्या हातात ताकद असती तर तिनं मला एका पकडीत बाजूला केलं असतं. ती पाच फूट सात इंच होती आणि मी तिच्या खांद्याला लागत होते. ती माझ्याशी भांडली नाही. ती माठाजवळ बसली आणि माठाला गुंडाळलेलं ओलं फडकं तिनं ओठांना लावलं. मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ठाण्याची तीच तीन माणसं आली. मावशीनं ठरवलं होतं की या वेळी पोहे नंतर, आधी ताईनं पाण्याचा ट्रे घेऊन जायचं, म्हणजे चालताना तिची अंगलट दिसेल. ट्रे मीच भरला. काचेचे सहा पेले, पाहुण्यांसाठी म्हणून काठोकाठ, माठातलं गार पाणी, वाळ्याची जुडी घातलेलं. तो वास अख्ख्या घरात होता. ताईनं ट्रे उचलला तेव्हा पेले एकमेकांवर किणकिणले. मी मागोमाग दारापर्यंत गेले.

"अगंबाई!" आत्याबाई म्हणाल्या. "ओळखूच आली नाहीस. काय छान बारीक झाली हो. काय केलंस गं?"

ताईनं ट्रे टीपॉयवर ठेवला. आता पेले पुढे करायचे, असं तिला शिकवलेलं होतं. तिनं एक पेला उचलला आणि प्यायली. उभी राहून, मान मागे टाकून, पूर्ण. रिकामा पेला ट्रेमध्ये ठेवला आणि दुसरा उचलला. तिच्या घशाचा आवाज मला दारात ऐकू येत होता. तिसऱ्या पेल्याला थोडं पाणी हनुवटीवरून साडीवर सांडलं. मुलगा अवघडून पंख्याकडे बघायला लागला. "अगं, हे काय?" त्याची आई म्हणाली. आमची आई "सुमे!" म्हणून ओरडली आणि जागेवरून उठली, पण पुढे आली नाही. मावशी कसनुसं हसून म्हणाली, "उन्हाळा ना, तहान लागली असेल." ताईनं चौथा संपवला, पाचवा संपवला. सहावा पेला तिनं उचलला, बघितला आणि आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवला.

"हे केलं," ती त्यांना म्हणाली. "इतके दिवस पाणी प्यायले नाही. चार किलो होतं, ते पाणी होतं. आता पाच पेले परत आलं. तुम्हाला बाकीचं वजन बघायचं असेल तर आमच्या अप्पांच्या बाजारात मोठा काटा आहे, चला, करून देतात."

मग ती आत आली, माझ्या बाजूनं गेली, मोरीपर्यंत पोचली आणि तिथे सगळं ओकून खाली पडली.

कोपऱ्यावरचे डॉक्टर आले. त्यांनी तिची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. सलाइन लावलं. पोटावरून जरा साडी सरकवून त्यांनी पुरळ बघितलं, कोपऱ्यात पडलेल्या पिशव्या आणि सुतळी बघितली आणि विचारलं, "हे प्लॅस्टिक कोणी बांधलं? पाणी कोणी बंद केलं हिचं?" खोलीत आई होती, अप्पा होते, मावशी होती, मी होते. "आणखी दोन दिवस असं चाललं असतं तर किडनीचं काय झालं असतं सांगता येत नाही," ते म्हणाले. "शिकलेली माणसं ना तुम्ही?" सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला बांधली होती. तिच्यातून पडणारा थेंब मी मोजत होते. मोजायची सवय लागली होती.

ठाण्याहून नकाराचं पोस्टकार्ड आलं. मुलगी उद्धट आहे, असं त्यात होतं. मावशी म्हणाली, "मी माझ्याकडून चार किलो कमी करून दिलं होतं," आणि पुढची कित्येक वर्षं ती हे लग्नाकार्यात सांगत होती. आईनं भात परत वाढायला सुरुवात केली, पण माफी मागितली नाही. त्या पिढीत आई मुलीची माफी मागत नसे. हे मी कारण म्हणून सांगते, सबब म्हणून नाही. ताई पुढच्या हंगामात संघात परत गेली. तिला टेलिफोन खात्यात नोकरी लागली, लग्न तिनं उशिरा आणि स्वतः ठरवून केलं. आज ती चांगली जाडजूड आहे. गुडघे दुखतात, म्हणून डॉक्टरांनी थोडं वजन उतरवायला सांगितलंय. ती रोज तासभर चालते, एक पोळी कमी खाते आणि सहा महिन्यांत तिनं तीन किलो उतरवलेत. कोणाला सांगत नाही. उतरवण्यात सांगण्यासारखं काही नसतं.

महिन्यातून एकदा ती माझ्याकडे जेवायला येते. आम्ही खूप बोलतो, आईबद्दलही बोलतो, त्या मे महिन्याबद्दल कधीच नाही. उन्हातून आली की मी पाण्याचा पेला भरायला उठते. "बस तू," ती म्हणते, आणि स्वतः आत जाऊन, स्वतः पेला घेऊन, माठातून पाणी काढून पिते. माझ्याच घरात. इतक्या वर्षांत तिनं माझ्याकडे काय काय मागितलंय: साड्या, पुस्तकं, एकदा तर तुझी किडनी मॅच होते का बघशील का, असंही तिच्या नवऱ्यासाठी विचारलं होतं. पाणी एकदाही मागितलेलं नाही.